पोराकडं जरा लक्ष द्या

"गुरुजी, पोराकडं जरा लक्ष द्या." जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कुठल्याही शाळेच्या दारात हे वाक्य ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा बाजाराची पिशवी असते आणि एक पाय परत निघालेला असतो. गुरुजी म्हणतात, "देतो की, काळजी करू नका." दोघंही मनापासून बोलत असतात. तरी पुढं काही घडत नाही. लक्ष नेमकं कशाकडं द्यायचं हे बापानं सांगितलेलं नसतं आणि गुरुजींनीही विचारलेलं नसतं. फार तर ते मुलाला पुढच्या ओळीत बसवतात, दोन दिवस त्याला जास्त प्रश्न विचारतात. मुलाला वाटतं, घरच्यांनी आपली तक्रार केली.

आपल्याकडं ही विनंती मेहेरबानी मागावी तशी केली जाते. खरं तर ती तशी नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. लोकांना तो ठाऊक आहे तो खासगी शाळांतल्या 25 टक्के प्रवेशांमुळं. त्याचं कलम 24 मात्र फारसं कुणी वाचत नाही. शिक्षकाची कर्तव्यं तिथं सांगितली आहेत. वेळेवर शाळेत येणं आणि ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा करणं ही त्यातली दोन. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून, लागेल तिथं त्याला जादा शिकवणं हे त्यांच्याच रांगेतलं कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हेही तिथंच लिहिलंय. म्हणजे 'माझ्या मुलाला जमेल तसं शिकवा' असं म्हणणारी आई कायद्यात लिहिलेलंच मागते आहे.

पण या कलमात एक ताण आहे आणि तो शिक्षकाला रोज जाणवतो. अभ्यासक्रमही मुदतीत संपवायचा आणि प्रत्येक मुलाच्या क्षमतेनंही चालायचं. चौथीतल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी थांबलं तर धडे मागं पडतात. धडे रेटले तर मूल मागं पडतं. वरून साहेब तपासणीला आले की पहिला प्रश्न असतो, 'कितवा धडा चालू आहे?' कोणतं मूल कुठं अडलंय, हे क्वचितच विचारलं जातं. शिक्षक कोणत्या बाजूला झुकणार हे त्या प्रश्नावरच ठरतं.

म्हणून पालकाच्या विनंतीला वजन आहे. मुलाविषयीची काही माहिती फक्त घरातच असते. वर्गात ती कधी दिसत नाही. ती शिक्षकापर्यंत पोचवणं हा या विनंतीचा गाभा. बाकी सगळं त्यानंतर.

वर्गात कोण बसलंय

या दोन तालुक्यांत 'प्रत्येक मूल' म्हणजे किती तऱ्हा, ते आधी पाहू. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे, याच परिसरात आहेत. पाणी मात्र बहुतेक पूर्वेला वाहतं. पूर्वेकडं ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं. नारायणगावचा टोमॅटो बाजार तर राज्यभर माहीत आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा. डिंभे धरणात मूळचं आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्याचं राहिलं आणि कारभार घोडेगावातून चालतो. या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची गावं आणि वाड्या आहेत. भाताची कापणी झाली की यातली बरीच कुटुंबं पूर्वेकडं मजुरीला उतरतात. नारायणगावचा मजूरअड्डा ज्यानं सकाळी पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

याच दिवसांत उलट दिशेनंही माणसं येतात. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात. त्यामुळं डिसेंबरात पश्चिमेच्या एखाद्या शाळेतून मूल गायब झालेलं असतं आणि पूर्वेच्या शाळेत, वर्ष अर्धं सरल्यावर, अनोळखी मूल येऊन बसलेलं असतं. या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. गाव सोडताना शाळेनं ते द्यायचं, त्यात मुलाची माहिती आणि त्याला काय येतं याची नोंद करायची, आणि नव्या शाळेनं ते पाहून लगेच दाखल करून घ्यायचं. कल्पना अतिशय चांगली आहे. पण टोळी मुकादमाच्या हुकमावर रातोरात निघते आणि पत्रक कपाटात राहतं. मग नव्या शाळेतल्या बाईंना मुलाविषयी काहीच ठाऊक नसतं. म्हणून मजुरीला निघणाऱ्या आईबापांची सगळ्यात उपयोगी विनंती ही: 'गुरुजी, आम्ही आठ दिवसांत निघणार, पत्रक भरून ठेवा.' आणि कोपीवर पोचल्यावर जवळच्या शाळेत ते दाखवायचं. या एका कागदामुळं मुलाला पुन्हा बाराखडीपासून सुरू करावं लागत नाही.

आश्रमशाळांची गोष्ट आणखी निराळी. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतल्या निवासी शाळांत मूल राहतं आणि आईबाप डोंगरापलीकडं असतात. त्यांची पालकसभा म्हणजे शाळेत पोचवायचा दिवस आणि दिवाळीत न्यायला येण्याचा दिवस. अशा वेळी वर्गशिक्षकाइतकंच वसतिगृहाच्या अधीक्षकांशी बोलणं महत्त्वाचं. मूल रात्री रडतं का, अंथरूण ओलं करतं का, कुणाशीच बोलत नाही का, हे त्यांनाच कळतं. आणि जे मूल रात्री झोपत नाही ते सकाळी गणित शिकणार नाही, एवढं समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

मग भाषा. ठाकर किंवा कातकरी घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला निम्मीच ओळखीची असते. ते गप्प बसतं आणि गप्प बसलेल्या मुलावर 'मंद' असा शिक्का लवकर बसतो. इथं आईनं सांगायची गोष्ट साधी आहे: घरी आम्ही असं बोलतो, हा घरी खूप बडबड करतो. हे ऐकलेला शिक्षक त्या मुलाला पहिले काही महिने त्याच्या बोलीत उत्तर देऊ देतो. मुलाचं शिक्षण शक्य तिथवर मातृभाषेतून व्हावं असं त्याच कायद्याचं कलम 29 सांगतं.

बाजारातलं गणित, वहीतलं गणित

पालकाजवळच्या माहितीची ताकद कळायला गणितासारखा विषय नाही.

आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या विकणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तीन जुड्या, पंधराला एक, शंभराची नोट. उरलेले पंचावन्न रुपये गिऱ्हाईकाच्या हातात पडायला त्यांना क्षणभरही लागत नाही. तेच मूल सोमवारी वहीत 100 मधून 45 वजा करताना हातचा विसरतं आणि 65 लिहून मोकळं होतं. यावर नीट संशोधन झालंय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, मका विकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. ठेल्यावर अचूक हिशेब करणारी ही मुलं तेच गणित कागदावर दिलं की चुकत होती. 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी लिहिलं. बाजारातल्या मुलांना तोंडी हिशेब येतो, शाळेतली मांडणी येत नाही. शाळेत शिकणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांना मांडणी येते, पण बाजारातला हिशेब द्या, ती अडखळतात. एका ठिकाणचं गणित दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोचत नाही.

आता समजा, अशा मुलाची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, याच्याकडं लक्ष द्या, गणितात कच्चा आहे." बाई काय करतील? आणखी उदाहरणं देतील, तीही तशीच चुकतील. आणि तीच आई म्हणाली, "बाई, बाजारात हा शंभराचे सुट्टे बरोबर देतो, पण वहीत हातच्याची वजाबाकी चुकते," तर? बाईंना शिकवण्याची वाट सापडली. त्या म्हणतील, "ताई, मग उद्या त्याला खोटा बाजार मांडायला लावते." नोटा घ्यायच्या, दहाची एक नोट मोडून दहा नाणी करायची आणि हातचा म्हणजे ही मोडलेली नोट, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडवायचं. आईनं शिकवण्याची पद्धत सांगितली नाही; ते तिचं कामही नाही. तिनं फक्त एक निरीक्षण दिलं.

मुलांच्या अडचणीप्रमाणं शिकवण्याची सोय पुस्तकानंच केली तर काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस' बरोबर 'वीस दोन', 'त्रेपन्न' बरोबर 'पन्नास तीन' असं वाचायची वाट दाखवली होती. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. म्हणून कित्येक मुलं त्रेपन्न ऐकून 35 लिहितात. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत राहिल्या की हा पर्याय आहे, जुनी नावं गेलेली नाहीत. तरी विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांना स्वतःला त्रेपन्न कधीच अडला नव्हता, हीच खरी मेख. अडणाऱ्या मुलासाठी केलेली सोय न अडणाऱ्याला नेहमीच अनावश्यक वाटते. पालकसभेतही हेच होतं. एका मुलासाठी शिक्षकानं वेगळं काही केलं की दुसऱ्या पालकांच्या भुवया चढतात.

जाता जाता, जुन्नरच्या गुरुजींच्या हाताशी एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाच्या नाही. घाटघरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन काळातला जो शिलालेख आहे, त्यात दानात दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे आणि नाण्यांचे आकडे कोरले आहेत. भारतातल्या अंकचिन्हांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. शून्य आणि स्थान-किंमत नव्हती तेव्हा माणसं मोठी संख्या कशी लिहीत, हे तिथं दगडावर दिसतं. दशक-एककात गोंधळणाऱ्या मुलाला तिथं नेलं तर निदान एवढं कळेल की मोठी संख्या लिहिण्याची धडपड दोन हजार वर्षं चालत आलीय.

इयत्ता की पायरी

'मुलाच्या गरजेप्रमाणं शिकवा' म्हणजे चाळीस मुलांना चाळीस धडे, अशी भीती शिक्षकांना वाटते. तसं करावं लागत नाही, याचा पुरावा मुंबईतच तयार झाला. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या 'प्रथम' संस्थेनं महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी. तिसरी-चौथीत मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवायची. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा इथं या कामाचं मोजमाप झालं. ते करणाऱ्यांत बॅनर्जी आणि डुफ्लो होते. पुढं 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मायकल क्रेमर यांच्याबरोबर मिळालं. बालसखीकडं गेलेली मुलं चांगली सुधारली. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. ही मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तिथं उरलेल्या मुलांची प्रगती काही वाढली नाही. म्हणजे नुसती पटसंख्या कमी केल्यानं फरक पडत नाही. मूल ज्या पायरीवर आहे तिथून शिकवलं तर पडतो.

पायऱ्या थोड्याच असतात. 'असर' या पाहणीत 2005 पासून वाचनाच्या पाच पातळ्या धरतात: काहीच न येणं, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. कोणत्याही वर्गातली मुलं या चार-पाच गटांत बसतात. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुलं 2024 च्या पाहणीत 23.4 टक्के निघाली. तिसरीतल्या चारांपैकी तिघांना तिसरीचं पुस्तक जड जातं, असा याचा अर्थ. मग 'माझं पोरगंच मागं आहे' असं वाटून ओशाळं होण्याचं कारण काय?

ही चाचणी पालकाला घरी घेता येते. आई स्वतः शिकलेली नसेल तर मोठी बहीण घेईल. मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडायचं, मूल कुठं अडतं ते पाहायचं: काना-मात्रांवर, वेलांटीवर, जोडाक्षरावर की वाचून झाल्यावर अर्थावर. शाळेत जाऊन तेवढंच सांगायचं. राज्याच्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत हजारो आयांनी पोरांना एकेका टेबलापाशी नेऊन काय येतं, काय नाही, हे विकासपत्रावर पाहिलंय. पाहायचं कसं हे त्यांना येतं. पहिलीनंतर ते सोडून का द्यायचं?

लहान शाळेचं बळ

इथं एक मत स्पष्ट मांडतो. आदिवासी पट्ट्यातल्या पंधरा-वीस पटाच्या, दोन शिक्षकांच्या शाळेत मुलाच्या गरजेप्रमाणं शिकवण्याची शक्यता मंचर-नारायणगावच्या भरगच्च इंग्रजी माध्यमाच्या वर्गापेक्षा जास्त आहे. कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. चार-पाच इयत्ता, दोन शिक्षक, म्हणजे बहुवर्ग अध्यापन. त्याच्याकडं आपण व्यंग म्हणून पाहतो. पण एका खोलीत दुसरी, तिसरी आणि चौथी बसली असतील तर चौथीतल्या मुलाला दुसरीच्या वाचनगटात बसवणं सहज जमतं. कुणाच्या लक्षातही येत नाही. चाळीसजणांच्या चौथीत तेच करायचं म्हटलं की मुलाची मान खाली जाते. शेजारच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं, दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात, याच मिश्रणाचा फायदा घेतला. ज्याला जो विषय चांगला येतो तो इतरांचा विषयमित्र, मग तो इयत्तेनं मोठा असो की लहान. 2025 मध्ये या शाळेला जागतिक स्तरावरच्या 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

तरीही कमी पट म्हणजे शाळेचा दोष, अशी आपल्या व्यवस्थेची समजूत. पट घटला की शिक्षक कमी होतो, मग शाळाच दुसरीत विलीन करायची चर्चा सुरू होते. वीस मुलांच्या शाळेत प्रत्येकाचं नाव, घर आणि अडचण गुरुजींना ठाऊक असते. हे बळ हिशेबात कुठंच धरलं जात नाही.

शाळाच मुलाकडं जाण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मुलं वस्तीतून येईनात तर वस्तीच्या अंगणात बालवाडी नेली. मुलाच्या गरजेप्रमाणं शिकवायचं तर आधी मुलाचा दिवस कसा जातो हे पाहावं लागतं, ही समज त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होती.

काय मागू नये

मुलाचा दिवस न पाहता केलेल्या विनंत्या वाया जातात. 'शाळा सुटल्यावर जादा तास घ्या' ही सर्वांत नेहमीची मागणी. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत, उसाच्या आडोशानं बिबट्या वावरतो. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि दीड-दोन किलोमीटरची वाट उसातून असते. अशा ठिकाणी मुलाला संध्याकाळी थांबवून घेण्यापेक्षा शाळेच्या वेळेतलीच वीस-तीस मिनिटं मागावीत.

दुसरी मागणी शहरातून आलेली आहे: 'माझी मुलगी बघून शिकते, तिला ऐकवून नका शिकवू.' मुलांचे दृश्य, श्राव्य असे प्रकार पाडून तसं शिकवलं तर जास्त चांगलं येतं, हा समज फार पसरलाय. हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये यावरचं संशोधन तपासलं तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. प्रत्येकच मुलाला चित्र, कृती आणि शब्द तिन्ही लागतात. त्यामुळं मुलाचा 'प्रकार' सांगू नका, त्याची अडचण सांगा.

उलट, जे मागायला हवं ते मात्र राहून जातं: पुढं धावणाऱ्या मुलाविषयी बोलायला पालक लाजतात. ज्याला सगळं येतं त्याची कसली गरज? असं मूल वर्गात कंटाळतं, मग खोड्या काढतं आणि त्याच खोड्यांसाठी ओळखलं जातं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांतली मुलं प्रयोग घेऊन येतात. त्या प्रदर्शनासाठी माझ्या मुलीला एखादा प्रयोग द्या, दोन महिने तिला त्यात गुंतवा, ही विनंतीही गरजेप्रमाणं शिकवण्याचीच आहे.

आधी डोळे, कान

काही अडचणी शिकवण्याच्या नसतातच. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चुकीचं उतरवणारं मूल, कान फुटल्यामुळं श्रुतलेखनात मागं पडणारं मूल, यांना जादा तास नको, डॉक्टर हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये आणि पथकाला आपली शंका आधीच सांगावी. डोळ्यांच्या बाबतीत हा भाग सुदैवी. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी खेड्यापाड्यांतल्या नेत्रसेवेत आयुष्य घातलं, 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आडनावाला इतकं जागलेला माणूस विरळा.

डोळे-कान ठीक आहेत, मूल बोलण्यात हुशार आहे, शिकवणी झाली, तरी अक्षरं उलटसुलट होतात, वाचन रखडतं, असं दोन-तीन वर्षं टिकलं तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. 2007 च्या 'तारे जमीं पर' चित्रपटानंतर हे नाव घरोघर पोचलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिचा समावेश दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत केला, आणि ती लवकर ओळखून योग्य पद्धतीनं शिकवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. पक्कं निदान साधारण आठव्या वर्षानंतरच होतं, त्यासाठी बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्राची वाट पाहत शाळेनं हातावर हात धरून बसायचं कारण नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. 'त्यांना एकदा आमच्या शाळेत बोलवा' ही विनंती मुख्याध्यापकांकडं लेखी करावी.

बोलायचं कसं

प्रार्थनेच्या वेळी किंवा शाळा सुटताना गाठू नये. त्या वेळी शिक्षकापुढं अख्खी शाळा असते. वेळ मागून घ्यावी. बोलताना मूल शेजारी उभं करून त्याच्या चुकांचा पाढा वाचू नये. काय येतं ते आधी सांगावं, मग एकच अडचण. एका वेळी एकच. शिक्षकाला विचारावं, "वर्गात तुम्हाला काय दिसतं?" कारण त्यांच्याकडंही अशी माहिती असते जी घरात दिसत नाही. काय करून पाहायचं ते दोघांनी ठरवावं आणि महिन्याभरानं पुन्हा भेटायचं ठरवूनच उठावं. घरी काय करणार हेही आपणहून सांगावं. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घेईन, एवढंही पुष्कळ. आणि शिक्षकावर मतदारयाद्यांपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत किती कामं लादलेली असतात, याचं भान ठेवावं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं 2009 च्या शिक्षण कायद्याचं कलम 27 म्हणतं. ते पाळलं जावं म्हणून पालकांनी आवाज उठवला तर शिक्षकाच्या हाती मुलांसाठी तासभर जास्त येईल.

एवढं करूनही काही हललं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. एकट्या आईला 'बघू' असं उत्तर मिळतं. पाच जणींनी समितीत मांडलं तर ते इतिवृत्तात जातं. त्यानंतर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. कलम 32 प्रमाणं स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लावावा लागतो. बहुतेक गाऱ्हाणी मात्र तिथवर जायची गरजच नसते. पुढच्या पालकसभेला जाताना मुलाची गेल्या महिन्याची वही बरोबर घ्या, जिथं सारखी चूक होते ते पान दुमडून ठेवा आणि गुरुजींपुढं तेच पान उघडा.